चौकटीवरची किल्ली

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

आली! आली एकदाची!

जावई डॉइल कोंबड्यांच्या शेडमध्ये, रेनिटा केस धूत होती, आणि फोन वाजला. मुलांच्या खात्यातल्या मिस प्रूइट. "एक मुलगी आहे, जेमतेम महिन्याची. आज घ्याल का?" माझी लेक डोक्याला टॉवेल तसाच ठेवून गाडीकडे पळाली. मी ओरडले, "अगं, केस तरी पूस!" ऐकतंय कोण!

एवढीशी आहे. वालाच्या दाण्याएवढी. तिच्या आईने नाव ठेवलंय एंबरली — हल्ली काय काय नावं ठेवतात, बाई. आमच्या वेळी मार्था, रूथ, फार हौस असली तर पर्ल. मी आपली दाणाच म्हणणार.

रेनिटाच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा गेले. ती मधली खोली बंदच असायची. झाडायला गेलं तरी लेक म्हणायची, "ममा, राहू दे." आज तिचं दार सताड उघडं! आणि डॉइल, जो माणूस आख्खी शेड कोंबड्या मेल्या तरी हूं की चूं करत नाही, तो दारात उभा राहून रडला. म्हणे डोळ्यात धूळ गेली. फेब्रुवारीत? कुठली धूळ!

ही रोजनिशी मयताचं सगळं करणारा फ्युनरल होमवाला दर नाताळला फुकट वाटतो. गिऱ्हाईक धरून ठेवायला! आजवर हिच्यात पाऊस, कोंबड्या आणि माझा गुडघा, एवढंच. शाळा सहावीपर्यंत, मग कापूस वेचायला. शब्द चुकले तर चुकले, वाचणार कोण? पण आता लिहायला काहीतरी आहे!


रविवार, ११ फेब्रुवारी

चर्चमध्ये आमच्या पाळकांनी, ब्रदर हॉलिसनी, दाण्याला उचलून सगळ्या मंडळीला दाखवलं. टाळ्या! रडणं! मी तर नाक शिंकरायला बाहेर गेले.

गेल्या वर्षी जानेवारीत ते तिथेच उभे राहून म्हणाले होते, "आपण पन्नास वर्षं प्रार्थना केली. कायदा झाला. अलाबामात गर्भपाताची दारं बंद झाली. आता जी लेकरं येतील ती कुणाची? सरकारची? नाही! आपली! कोण घेणार, हात वर करा." काय ते हात! बाकंच्या बाकं! मग मूल सांभाळायला घेणाऱ्यांसाठी खात्याचे वर्ग सुरू झाले. पोलिसांचा दाखला, घराची तपासणी. नळाचं पाणी लेकराला पोळेल का ते थर्मामीटर घालून बघतात, प्लगला टोप्या हव्यात, औषधं कुलपात. एकेक हात खाली यायला लागला. कुणाची पाठ दुखते, कुणाची सून येणार आहे. विल्मा म्हणाली, "आम्ही घेतलं असतं गं लव्हेडा, पण आमच्या कुत्र्याला सवय नाही ना!"

कुत्र्याला!

उरले कोण? माझी लेक आणि माझा जावई.


बुधवार, २१ फेब्रुवारी

दाण्याची आई कोण ते कळलं. रेनिटाने सांगायला नको होतं, पण आईला नाही सांगणार तर कुणाला. कॅसी म्हणून आहे. आणि मी ओळखते तिला!

मागच्या उन्हाळ्यात ती आमच्या आशा-खोलीत आली होती. जुन्या पाळकघरात आम्ही चर्चच्या बायका अडलेल्या मुलींना डायपर, दूध, चार शब्द देतो. डायपर माझ्याकडे, शब्द विल्माकडे. त्या दिवशी विल्मा दाताला गेली होती म्हणून मी बसले. बाविशीची पोर. हडकुळी. मोकळं व्हायला कुठे जाता येईल म्हणून विचारायला आलेली. मी म्हटलं, "आता इथे कुठेच नाही, बाळा." तिला ठाऊक होतं. म्हणाली, "इलिनॉयमध्ये होतं म्हणतात. माझी गाडी तालुक्यापर्यंत पोचत नाही."

मी तिचा हात धरला. "येऊ दे गं बाळाला. तू एकटी आहेस का? आम्ही आहोत ना!"

तिने विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही सगळे!"

आणि बघा प्रभूची करणी! तेच लेकरू आज माझ्या मांडीवर पाय झाडतंय. ज्याच्याबरोबर ती राहायची त्या मेल्याने तिला पायऱ्यांवरून ढकललं, बाळ कुशीत असताना. बाळाला ओरखडा नाही, पण खात्याने उचललं. बरंच झालं.


शनिवार, १६ मार्च

आज चर्चच्या हॉलमध्ये कॅसीची भेट होती. मिस प्रूइट कोपऱ्यात बसून लक्ष ठेवून. कॅसीने दाण्याला धरलं ते अगदी काचेची बरणी धरावी तसं. दाणा हसली. मला वाटायचं फक्त मलाच हसते.

घरी येताना रेनिटा एकदम म्हणाली, "ममा, ती नीट वागली तर बाळ तिला परत जाणार. नोकरी हवी, लघवीत नशेचं काही सापडायला नको आणि त्या माणसापासून वेगळं घर. वर्षअखेर जज्ज बघणार."

मी म्हटलं, "छट्! असल्या पोरींचं कुठे सरळ होतंय."

पण रात्री कूस बदलत पडले. त्या खोलीचं दार पुन्हा बंद झालं तर माझी लेक उठायची नाही.


बुधवार, १० एप्रिल

ब्रदर हॉलिस कॅसीला बुधवारच्या प्रार्थनेला घेऊन आले. पाळकाने बोलवावंच, तो त्यांचा धर्म. मागच्या बाकावर बसली, कोंबड्या कापायच्या कारखान्यातला वास अंगाला. तिथे रात्रपाळीला यंत्रं धुते. म्हणजे नोकरी झाली.

प्रार्थनेआधी ब्रदर विचारतात, कुणाची काय मागणी. कुणाचा गुडघा, कुणाची नोकरी. आणि जे चारचौघांत सांगता येत नाही त्याच्यासाठी हात वर करून "मनातलं" एवढंच म्हणायचं. मग कुणी विचारायचं नसतं. देवाला कळतं.

मी हात वर केला. "मनातलं." रेनिटाचा हात वर. डॉइलचा वर — तो कधीच करत नाही! विल्माने माझ्याकडे बघून मान हलवली आणि स्वतःचाही केला. आम्हां सगळ्यांचं मनातलं एकच होतं, ते काय सांगायला हवं?

मग मागून आवाज, "माझंपण. मनातलं."

सगळ्या माना वळल्या. ब्रदर म्हणाले, "प्रभू ऐकतो आहे, बाळा." आणि आम्ही प्रार्थनेला लागलो.


शुक्रवार, १९ एप्रिल

दाण्याला मक्याच्या पावाचा मऊ तुकडा ग्रेव्हीत बुडवून चाटवला. मिटक्या! रेनिटाने बघितलं. "ममा! डॉक्टर म्हणाले सहा महिने काही नाही!" अगं, तुला मी असंच वाढवलं, मेलीस का?


बुधवार, २२ मे

प्रार्थनेनंतर जेवण होतं. कॅसीने न सांगता भांडी पुसायला घेतली. पुसते चांगली. मी आपली बोलत होते, गप्प राहणं मला कुठे जमतं. माझ्या नणंदेचं सांगत होते. आर्डेलाचं. आमच्याच जमिनीत, पण टेकडीच्या पार खाली ओढ्याकाठी तिचं ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर आहे, वाट खालच्या रस्त्यानेच. ती गेल्यापासून तसंच पडलंय, माझ्या मुरांब्याच्या बरण्या आणि एक नकटी मांजर. माझा गुडघा ती उतरण उतरत नाही, डॉइल दर नाताळाआधी जाऊन बरण्या ठेवून येतो, तेवढंच.

निघताना आपली नेहमीची रीत. "चल की गं आमच्याकडे! राहायलाच ये! आर्डेलाचं ट्रेलर रिकामं आहे, किल्ली चौकटीवरच असते!"

याला उत्तर ठरलेलं असतं, "नको, तुम्हीच थांबा आमच्याकडे." मग दोघी हसतात आणि आपापल्या गाडीत बसतात. माझ्या आईने असं किती जणांना घरी चला म्हटलं असेल, एक माणूस कधी आलं नाही! कॅसी मात्र फडकं हातात धरून उभीच.

"खरंच, मिस लव्हेडा?"

"खरंच म्हणजे काय! चल की!"

गाडीत रेनिटा म्हणाली, "ती बावरली गं." मी म्हटलं, रीत शिकवणार कोण तिला. स्वतःही अशीच खात्याच्या हातची वाढलेली, या घरातून त्या घरात.


सोमवार, १० जून

ओसरीवर दोन रिकाम्या बरण्या. धुऊन, पालथ्या घालून. पीचच्या मुरांब्याच्या, माझ्याच. विल्मा ठेवून गेली असणार, बरणी परत करायची तिची चांगली सवय आहे, बाकी कशीही असो. कधी नेल्या होत्या तिने?


गुरुवार, ४ जुलै

स्वातंत्र्यदिनाच्या फटाक्यांना दाणा मुळीच भ्यायली नाही! डॉइलच्या खांद्यावर बसून आभाळाकडे बोट. दोन दात आलेत. मला चावली! पुन्हा चावावं म्हणून बोट पुढे केलं.


बुधवार, १७ जुलै

मनातलं, मनातलं, मनातलं. कॅसीचंही. एक बुधवार चुकवत नाही पोर. रात्रपाळीला जाता जाता येते, डोळे तांबडे. आज माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "थँक्यू, मिस लव्हेडा. तुमचं मी कधी विसरणार नाही."

मला वाटलं दाण्याला सांभाळतो त्याबद्दल. मी म्हटलं, "त्यात काय! आपलीच आहेस." चांगली पोर आहे हो. पण चांगली असली म्हणून काय, माझी लेक वाईट आहे का?

ओसरीवर आज भेंडीच्या लोणच्याची बरणी. धुऊन. वर एक टोमॅटो. मी विल्माला विचारलं तर म्हणते, "मी कशाला टोमॅटो देऊ तुला, माझेच किड्याने खाल्ले."


मंगळवार, २० ऑगस्ट

डॉइल म्हणतो खाली ओढ्याकडे उजेड दिसतो पहाटे. बेडूक धरणारी पोरं असतील. "बघून येऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, दाण्याला ताप आहे, तू औषध आणायला जा आधी. मग राहूनच गेलं.


शनिवार, १४ सप्टेंबर

दाणा धरून धरून उभी राहते! टेबलाचा पाय धरला, वर आली, आणि अशी बघते सगळ्यांकडे जणू घर हिनेच बांधलं!

मिस प्रूइट येऊन गेल्या. बिचाऱ्यांचे डोळे खोल गेलेत. त्यांच्या ऑफिसात मुलं खाटा टाकून झोपतात म्हणे, घरंच नाहीत. मोठी मुलं, भावंडं. "तुमच्या चर्चमध्ये आणखी कुणी आहे का हो?" म्हणाल्या. मी कुत्र्याचं काही सांगितलं नाही.

मग रेनिटाला म्हणाल्या, "कॅसी सगळ्यात पास आहे. एक घर तेवढं राहिलंय. कुठे राहतेस विचारलं की म्हणते, 'बघतेय, तयार झालं की सांगते.' मला वाटतं गाडीत झोपते."

रेनिटाने मान खाली घातली. मीपण. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. घर मिळू नये. प्रभू, तिला घर मिळू नये.

असं मागावं का? ब्रदरना विचारता येत नाही. म्हणून तर मनातलं.


बुधवार, १६ ऑक्टोबर

दाणा रेनिटाला "मा" म्हणाली. मला काय म्हणाली ते कळलं नाही, पण थुंकी उडवून म्हणाली.

कॅसीचा हात आज सगळ्यांच्या आधी वर. चेहरा उजळलेला.


रविवार, १० नोव्हेंबर

गुरुवारी कोर्ट. मंडळीने रेनिटा-डॉइलना मध्ये उभं करून त्यांच्यावर हात ठेवले. कॅसी मागे बसली होती. तिच्यावर कुणी ठेवले नाहीत. माझ्या आधी लक्षात आलं नाही. आलं तेव्हा पियानो सुरू झाला होता.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

जिंकलो! प्रभूची स्तुती असो, जिंकलो!

नीट लिहून ठेवते. आत आम्हाला सोडलं नाही, बाहेर बाकावर मी, दाणा मांडीवर. कॅसी आत जाताना थांबली, दाण्याच्या पायाचा मुका घेतला. नवा स्वेटर होता अंगात, खांद्याला किमतीची चिठ्ठी तशीच. मी काढून दिली. मला म्हणाली, "आज सांगणार आहे मी त्यांना."

बराच वेळ गेला. दाण्याने माझा चष्मा तोडला. मग मिस प्रूइट बाहेर आल्या, घाईत. "मिस लव्हेडा, एकच विचारायचंय. कॅसीने आत्ता पत्ता दिला. तुमच्या जमिनीतल्या खालच्या ट्रेलरमध्ये राहते म्हणे, मेपासून. तुम्हीच बोलावलंत म्हणे. खरं आहे का?"

मी हसले. काय करू, हसूच आलं! "आर्डेलाच्या ट्रेलरमध्ये? अहो, तिथे माझ्या बरण्या राहतात! बरण्या आणि एक मांजर!"

दार अर्धवट उघडंच होतं. आतून कॅसीने माझ्याकडे बघितलं. तिला वाईट वाटायला नको म्हणून मी हात हलवला.

"ठीक आहे," मिस प्रूइट म्हणाल्या, आणि दार लागलं.

जज्ज म्हणाले, मुलगी जिथे आहे तिथेच राहील आणि आता दत्तकाची तयारी करा. रेनिटा खाली फरशीवरच बसली. डॉइलच्या डोळ्यात पुन्हा धूळ. पोरीने खोटं बोलायला नको होतं. तेवढ्यासाठीच गेलं तिचं, म्हणतात. आईच्या जातीला काय काय सुचतं.


बुधवार, २० नोव्हेंबर

ब्रदर म्हणाले, "ज्यांचं ज्यांचं मनातलं होतं त्यांनी आज मोठ्याने सांगा!" काय तो गलका! विल्माने केळ्याचं पुडिंग आणलं होतं, परातभर. मागचं बाक रिकामं. विल्मा म्हणाली, "गेली वाटतं पुन्हा त्याच्याकडे." पुडिंग संपलं.


शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी ओसरीवर बरण्याच बरण्या. ओळीने. सगळ्या धुतलेल्या, पालथ्या. एकच सुलटी. तिच्यात किल्ली.


बुधवार, २७ नोव्हेंबर

डॉइलला सांगितलं नाही. काठी घेऊन एकटी उतरले, बसत-उठत.

फरशी घासलेली. माझ्या भरलेल्या बरण्या एका भिंतीला नीट रचलेल्या. कुणीतरी टाकलेला पाळणा, एका पायाला तार बांधलेली, त्यात आर्डेलाची गोधडी बाळाच्या मापाची दुमडून. औषधाच्या डब्याला कुलूप. नळाला पाणी नाही, पण दोरीने थर्मामीटर टांगलेलं. वीज तर आर्डेला गेली तेव्हाच तोडली, तरी एकूण एक प्लगला टोप्या.

मांजर दारात बसली होती, वाट बघत.

दार लावलं. किल्ली कुठे ठेवू कळेना, चौकटीवर ठेवली.

संध्याकाळी प्रार्थनेला हात वर केला. म्हटलं, "मनातलं."

कुणी विचारलं नाही.